दहाव्यापासून सुरुवात करा

४ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

नमस्कार. विनंती आहे आणि ती खरोखरच विशेष आहे, म्हणून लिहायला बसले. फोनच केला असता, पण मागच्या फोनवर आपण दोघांनी जो सूर लावला, त्यानंतर तुमच्या लेकीनं बजावलंय की इथून पुढे तुम्ही दोघांनी एकमेकांशी फक्त पत्रानं बोलायचं. लिहिताना तुम्ही माणसांत असता, म्हणाली.

तर, सूनबाई दवाखान्यात आहे हे तुम्हाला माहीत आहेच. पाचव्या महिन्यात गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलाय. आता बाळाचे दिवस भरेपर्यंत तिनं पाठीवर पडून राहायचं. उठायचं नाही, वाकायचं नाही, जड धरायचं नाही. पोटावर ताण आला तर मूल हातचं जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलंय. पोरगी शहाणी आहे, निमूट पडून असते. पण काल मला म्हणाली, "आई, छताला एकूण सहा डाग आहेत आणि त्यातला एक तुमच्यासारखा दिसतो." तेव्हा म्हटलं, हिला काहीतरी विरंगुळा हवा.

तिला 'घोळराज्य' हवंय. लहानपणी तुमच्याकडे वाचायची म्हणे. तुम्ही बांधणी केलेलं एकेक पुस्तक म्हणजे फरशी असते, ते तिला धरू देणार नाहीत. तेव्हा मी वाचून दाखवणार. आमच्या चिरंजीवांनी प्रयत्न केला, पण तो दुसऱ्या पानाला घोरायला लागतो.

तेवीस भाग आहेत असं कळलं. माझ्या मते माणसानं पहिल्यापासून सुरुवात करावी. पण सूनबाई म्हणते, बाबांना विचारा, याबाबतीत त्यांचं मत आहे. तुमचं मत नाही अशी बाब मला अजून आढळलेली नाही, तरी विचारते.

आणि लेकीला भेटायला कधी येताय? तीन आठवडे झाले.

विहीण

७ नोव्हेंबर

आदरणीय विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून आनंद झाला. फोनपेक्षा पत्र बरंच. बसस्थानकावर इतकी वर्षं तुम्ही गाड्या पुकारल्यात, की फोनवर तुमचं नुसतं "हॅलो" ऐकलं तरी माझी गाडी सुटली असं वाटून मी चपला शोधायला लागतो.

तुम्ही 'घोळराज्य' वाचणार! लग्नात पंख्याखालची खुर्ची मिळाली नाही म्हणून माझ्याशी दोन वर्षं धड न बोललेल्या विहीणबाई माझ्या आवडीची पुस्तकं वाचणार, याहून मोठी जादू त्या तेवीस भागांत नाही.

थोडी कल्पना देतो. हे एक राज्य आहे. तिथल्या राजजादूगाराचा प्रत्येक मंत्र खरा होतो, पण एक दिवस उशिरा. आज पाऊस मागितला तर उद्या पडतो, आणि नेमक्या उद्या राजाच्या गाद्या उन्हात टाकलेल्या असतात. तिथं एक ड्रॅगन आहे, तो काड्यापेटीला घाबरतो. बाकी तुम्हाला कळेलच.

आता सुरुवात. सगळे नवखे पहिल्यापासून सुरुवात करतात आणि तिथंच फसतात. पहिला भाग लेखकानं शिकाऊ असताना लिहिलाय. रटाळ आहे. दुसरा त्याहून रटाळ. नवव्यापर्यंत लेखक नुसता घसा खाकरतो आहे असं समजा. खरी गंमत दहाव्यापासून. तुम्ही दहाव्यापासून सुरुवात करा, मागचं काही अडत नाही. दहावा भाग असा आहे की हसून हसून आमच्या ठकीचं, म्हणजे तुमच्या सूनबाईचं, पोट दुखेल.

दुकानात शाळेच्या वाचनालयाचं काम आलंय, सगळी पुस्तकं उसवून पुन्हा शिवायची आहेत. ते हातावेगळं झालं की येतोच.

आपला व्याही

११ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

पोट दुखायचं नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप चाललाय! तुम्ही पत्र लिहिताना कुठल्या राज्यात असता?

तुमचं वाक्य डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "मोठ्यानं हसायचं नाही. खोकला, शिंक आणि हसू, तिन्ही सारखेच. गालातल्या गालात चालेल." खोकल्याचं औषध आहे. हसण्यावर नाही म्हणाल्या.

तेव्हा दहावा बाद. पहिला रटाळ आहे हे तुम्हीच लिहिलंय, तुमच्या सहीचा कागद माझ्याकडे आहे. मला रटाळच पाहिजे. पहिल्यापासून नवव्यापर्यंत जे जे रटाळ असेल ते क्रमानं पाठवा. घसा खाकरणं ऐकून कुणी हसत नाही.

मलाही हायसं वाटलं. मधूनच गाडीत चढायचं मला जमलं नसतं.

विहीण

१४ नोव्हेंबर

आदरणीय विहीणबाई,

मी लिहिलं ते जरा घाईत लिहिलं. दहावासुद्धा फार हसवत नाही. खरं तर तोही तसा रटाळच आहे. काही जाणकार तर त्याला सगळ्यांत रटाळ मानतात. आणि पहिल्या भागात काही जागा अशा आहेत की धोका संभवतो. तेव्हा पोरीच्या काळजीपोटी पुन्हा सांगतो, दहाव्यापासून सुरुवात केलेली बरी.

बस-पार्सलनं दहावा, अकरावा आणि बारावा पाठवत आहे.

आपला व्याही

१७ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

पार्सल मिळालं, तसंच परत पाठवलंय. पहिला पाठवा.

विहीण

२ डिसेंबर

व्याहीबुवा,

पहिले पाच भाग मिळाले. तुमची बांधणी छान असते, हे मी लग्नाच्या वेळीही म्हणणार होते, पण तेव्हा राग आला होता.

आता जे झालं ते सांगते, आणि यात हसण्यासारखं काय होतं ते तुम्ही मला कळवा. मी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि माझ्या नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. "राजेसाहेबांचा मुकुट परिटाकडून अद्याप परत आलेला नाही. राजेसाहेब आज डोक्याला टॉवेल गुंडाळून न्यायदान करतील." एवढंच. सूनबाईनं उशी तोंडात कोंबली. मी घाबरून थांबले. म्हणाली, "काही नाही आई, वाचा, वाचा." मी पुढे वाचलं, "ड्रॅगन स्वयंपाकघराच्या दाराशी उभा आहे. त्याला आत यायचे आहे. कृपया काड्यापेटी लपवावी." खाट हलायला लागली हो!

सिस्टर धावत आली. तिला वाटलं कळा सुरू झाल्या. मग डॉक्टरीणबाई आल्या, मला म्हणाल्या, "काय वाचत होतात ते वाचा बघू." मी त्याच आवाजात वाचलं. त्या तोंड फिरवून खिडकीपाशी गेल्या आणि बराच वेळ पडदा नीट करत राहिल्या.

शेवटी नियम असा ठरला. सूनबाईला हसू यायला लागलं की तिनं बोट वर करायचं. बोट दिसलं की मी वाचन थांबवून भिंतीवरची सूचना वाचायची. तर काल मी वाचलं, "रुग्णाच्या खाटेवर नातेवाइकांनी झोपू नये," आणि तिनं दुसरंही बोट वर केलं.

मला स्वतःला त्या पुस्तकात अजून एकदाही हसू आलेलं नाही. मंत्र एक दिवस उशिरा लागू पडतो, आणि पाच भागांत त्या जादूगारानं एकदाही दिलगिरी व्यक्त केलेली नाही. ही काय शिस्त झाली? पण पोरीच्या गालावर रंग आलाय. वजनही वाढलंय, बाळाचंसुद्धा. तेव्हा पुढचे भाग पाठवा.

वाचनालयाचं काम संपलं का? ती विचारत नाही, पण दार वाजलं की मान वळवते.

विहीण

६ डिसेंबर

आदरणीय विहीणबाई,

तुमचं पत्र दुकानात उभ्यानं वाचलं. हसताना माझा सरसाचा डबा सांडला आणि तीन शाळकरी पुस्तकं एकमेकांना जन्माची चिकटली.

यात तुमचा दोष नाही. लेखक बापडा शब्द लिहून गेला, त्याला कसा आवाज हवा होता हे त्यालाही ठाऊक नसणार. तो आवाज तुमच्याकडे निघाला. पण जपून. ठकीला हसू द्या आणि हसू देऊ नका. हे कसं करायचं ते मला विचारू नका. मी रोज सकाळी उठून पहिला तोच विचार करतो.

सहावा, सातवा, आठवा आणि दहावा पाठवत आहे. काम अजून थोडं उरलंय.

आपला व्याही

२७ डिसेंबर

व्याहीबुवा,

आठनंतर दहा?

मी नोकरीत होते तेव्हा एकही स्थानक गाळलेलं नाही. जिथं कुणी उतरत नव्हतं आणि कुणी चढत नव्हतं तेही पुकारलं. नववा पाठवा.

बाळ हल्ली लाथा मारतं. जादूगार आला की जास्त.

विहीण

३१ डिसेंबर

विहीणबाई,

नववा पाठवला आहे. त्यात विशेष काही नाही. भराभर वाचून टाका आणि दहाव्याकडे या.

इकडे थंडी बरी आहे.

आपला व्याही

४ जानेवारी

व्याहीबुवा,

नवव्या भागात पान ११२ नंतर एकदम पान १२९ आहे. मी पानांचे क्रमांकही मोठ्यानं वाचते, म्हणून लगेच लक्षात आलं. ११२ वर राजाची धाकटी बहीण माहेरपणाला येऊन झोपाळ्यावर बसलीय, दिवस गेलेत, आणि ड्रॅगनला बाळासाठी दुपटं शिवायला शिकवतेय. १२९ वर झोपाळा रिकामा आहे आणि तिचं कुणी नावही काढत नाही. मधली सोळा पानं कुठं गेली?

सूनबाई म्हणते, "ते तसंच आहे आई, ती सासरी परत गेली असणार." मला पटलेलं नाही. जो लेखक मुकुटाच्या धुलाईवर चाळीस पानं खर्च करतो, तो घरची लेक अशी न सांगता वाटेला लावणार नाही.

विहीण

८ जानेवारी

विहीणबाई,

छापखान्याची चूक. सोळा पानांचा एक फर्मा असतो, तो कधीकधी राहून जातो. आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे. दहाव्यात राजा कबुतरांच्या संपामुळे फार अडचणीत येतो, ते बघा.

थंडी कमी झाली आहे.

आपला व्याही

१८ जानेवारी

व्याहीबुवा,

थंडी कमी झालेली नाही. मी वर्तमानपत्र वाचते.

इथल्या वाचनालयातून नववा भाग आणला. त्यात सगळी पानं आहेत. माइकसमोर बसण्याआधी हातातला कागद मनातल्या मनात एकदा वाचून घ्यायचा, ही माझी जुनी सवय आहे, आणि ती मला या वेळी देवासारखी उपयोगी पडली. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून ती सोळा पानं वाचली.

राजाची बहीण बाळंतपणात अडते. जादूगार धावत येतो, सगळ्यांत मोठा मंत्र म्हणतो, आणि मंत्र खरा ठरतो. दुसऱ्या दिवशी. मी आयुष्यभर लोकांना "गाडी उशिरा येत आहे" असं सांगत बसले व्याहीबुवा, पण उशीर म्हणजे काय असतो ते मला त्या जिन्यात कळलं. मला रडू आवरेना. आया झाडू टेकवून माझ्याशेजारी बसली आणि कोण गेलं म्हणून विचारू लागली. काय सांगणार?

मग मी तुमच्या बांधणीचा नववा उघडून नीट पाहिला. छापखान्यात राहिलेली पानं अशी नसतात. तिथं दोरा तोडून पुन्हा शिवलाय, आणि पुन्हा शिवताना हात हललाय. तुमचा टाका एरवी सरळ असतो.

सोयरीक ठरवताना तुम्ही म्हणाला होतात, हिची आई आजारपणात गेली. आम्ही पुढे विचारलं नाही. आता मला कळतंय की तुम्ही तीन महिन्यांत इथं का आला नाहीत. बापाला काळीज नाही असं मी इथं चार माणसांत बोलले, ते आता चार माणसांत परत घेईन.

ती पानं मी तिला वाचून दाखवणार नव्हते. पुस्तक पिशवीत लपवलं होतं. पण ती म्हणाली, "आई, डोळे का लाल? वाचनालयाचा नववा आणलात ना?" आणि मग सांगितलं, की ती पानं तिनं शाळेत असतानाच मैत्रिणीच्या पुस्तकात वाचली होती. आईच्या जाण्याचं खरं कारणही तिला मावशीनं सांगितलंय. इतकी वर्षं तुमच्यासमोर "ती सासरी गेली असणार" असं म्हणत आलीय, कारण ते ऐकलं की बाबांचा चेहरा मोकळा होतो. "बाबांना सांगू नका," म्हणाली. म्हणून लगेच लिहायला घेतलं.

तुम्ही या. ती घाबरलेली नाही असं समजू नका. मी वाचायची थांबले की ती पोटावर हात ठेवून दाराकडे बघते.

विहीण

२३ जानेवारी

विहीणबाई,

फर्मा मी काढला. ठकी सात वर्षांची होती. तिची आई आणि तो तान्हा, दोघंही एकाच दुपारी गेले. त्यानंतर काही महिन्यांनी ठकी नवव्या भागापर्यंत आली. रोज रात्री जेवताना मला सांगायची, राजाच्या बहिणीला बाळ होणार आहे, बाबा, ड्रॅगन दुपटं शिवतोय. मी दुकानात जाऊन ती पानं उसवली. दुसरं काय करणार होतो? तेवढंच मला करता येतं.

दहाव्यापासून पुढे तेवीसपर्यंत त्या राज्यात कुणीही मरत नाही. मी सगळे पुन्हा तपासून पाहिलेत. म्हणून म्हणत होतो, दहाव्यापासून सुरुवात करा.

वाचनालयाचं काम नोव्हेंबरातच संपलं. दोनदा तुमच्या गावी येऊन गेलो. दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचलो, पायऱ्या मोजल्यासारखं केलं, आणि समोरच्या टपरीवर चहा पिऊन परतीच्या गाडीत बसलो. बायकामाणसं पिशव्या घेऊन त्या पायऱ्या चढतात-उतरतात, आणि माझा पाय उचलत नाही. याची लाज वाटते. ठकीनं दाराकडे मान वळवली असेल तेव्हा मी कदाचित त्या टपरीवर असेन.

पोरीला सगळं ठाऊक होतं. आणि मी समजत होतो की मी तिला सांभाळतोय.

मला भीती वाटते, विहीणबाई. एवढं फोनवर सांगता आलं नसतं.

व्याही

२६ जानेवारी

व्याहीबुवा,

टपरीवाल्याला मी तुमचं वर्णन सांगून ठेवलंय. सरसाचे डाग पडलेली बोटं आणि चहा थंड करून पिणारा माणूस दिसला की त्यानं बशी सोडून वर माझ्याकडे यायचं, मी खाली येईन. पायऱ्या आपण दोघं मिळून चढू. माझेही गुडघे दुखतात, मध्ये थांबावं लागेल, त्यामुळे तुम्ही थांबलात तर कुणाच्या लक्षात येणार नाही.

खोलीत पंखा एकच आहे. त्याच्याखालची खुर्ची तुम्हाला.

विहीण

१९ फेब्रुवारी, दुपार

व्याहीबुवा,

तुम्ही समोरच्या खुर्चीत झोपला आहात, मान एका बाजूला पडलीय, एक हात अजून लेकीच्या पायावर आहे. उठवणं बरं दिसत नाही आणि मला बोलल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लिहिते.

तीन आठवड्यांत तुम्ही या खोलीची सवय करून घेतलीत, माझ्या वाचनाच्या मध्येमध्ये बोललात, आणि मी सतराव्या भागात पहिल्यांदा हसले तेव्हा सिस्टरला बोलावून आणून दाखवलंत. ते मी विसरणार नाही. पण आज सकाळी तिला आत नेलं आणि तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहिलात. बसा म्हटलं असतं तर पडला असतात.

आता तुम्हाला काय आठवेल आणि काय नाही, सांगता येत नाही. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मास्क खाली केला आणि म्हणाल्या, "दोघी छान आहेत." आमच्या चिरंजीवांनी मला मिठी मारली. तुम्ही मात्र पुढे झालात, त्यांची बाही धरलीत आणि विचारलंत, "दोघी म्हणजे कोण कोण?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो आजोबा, आई आणि मुलगी." तुम्ही म्हणालात, "पुन्हा सांगा." त्यांनी पुन्हा सांगितलं. तुम्ही बाही सोडली नाहीत, परत तेच विचारलंत. तिसऱ्यांदा सांगताना त्यांनी तुमचा हात हातात घेतला आणि एकेक बोट धरून मोजून दाखवलं, आई, आणि मुलगी. तुम्ही मान हलवलीत, पण तुमचा विश्वास बसलेला नाही हे मला दिसत होतं. तुम्हाला आत नेलं, बाळ दाखवलं, ठकी तुमच्याशी बोलली, तरी खुर्चीत बसता बसता तुम्ही मला हळूच विचारलंत, "दोघीच म्हणाल्या ना त्या?" आणि उत्तर यायच्या आत झोपलात.

जागे झालात की पहिलं तेच विचाराल. मी तेव्हा दूध आणायला खाली गेलेली असेन, म्हणून हा कागद तुमच्या खिशात ठेवते आहे. हवा तितक्या वेळा वाचा.

दोघी. आई आणि मुलगी.

विहीण